पडला तरी गोल्ड कसं? फिगर स्केटिंगचे मार्क आणि स्पर्धा, जरा आतून

प्रश्न असा होता की एक स्केटर धाडकन पडतो, उठतो, परत सुरू करतो आणि शेवटी गोल्ड घेऊन जातो, आणि दुसरा एकदाही न पडता अख्खा प्रोग्रॅम करतो तो चौथा येतो, तर हे मार्क देतात तरी कसे आणि ही सगळी स्पर्धा चालते कशी. प्रश्न अगदी रास्त आहे, मला दर मोठ्या स्पर्धेनंतर कोणी ना कोणी हेच विचारतं. मी आधी स्वतः स्केटिंग केलं (फार वर नाही पोचले), मग बरीच वर्षं कोचिंग केलं आणि आता टेक्निकल पॅनलवर बसते, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी पडण्याचाच हिशेब करून टाकू. फिगर स्केटिंगमध्ये आता कोणी "एकूण छान वाटलं" म्हणून आकडा देत नाही. प्रत्येक जंप, प्रत्येक स्पिन (एका जागी गिरकी), प्रत्येक स्टेप सिक्वेन्सला (पायांच्या वळणांची सलग मालिका) आधीच ठरलेली किंमत असते, तिला बेस व्हॅल्यू म्हणतात. ट्रिपल टो लूप ४.२, ट्रिपल लुट्झ ५.९, क्वाड लुट्झ ११.५ (टो लूप, लुट्झ हे जंपचे प्रकार, ट्रिपल म्हणजे हवेत तीन फेऱ्या, क्वाड म्हणजे चार). त्या किमतीवर जज उणे ५ ते अधिक ५ असा ग्रेड देतात आणि एक पायरी म्हणजे बेस व्हॅल्यूचे १० टक्के. आता समजा एकाने क्वाड लुट्झ मारली, चारही फेऱ्या पूर्ण केल्या आणि मग पडला. पडलं की ग्रेड उणे ५, म्हणजे ११.५ चे निम्मे गेले, उरले ५.७५, वर पडल्याचा १ गुण कापला, हातात ४.७५. दुसऱ्याने साधी ट्रिपल टो लूप मारली, नीट उभा राहिला, पण काही विशेष नाही, ग्रेड शून्य, हातात ४.२. म्हणजे पडलेला अर्ध्या गुणाने पुढे! बघणाऱ्याला हे अन्यायाचं वाटतं पण नियम ठरवूनच तसा केलाय, कारण चार फेऱ्या मारायची हिंमत कोणी केलीच नाही तर खेळ पुढे सरकणार कसा.

पण याच जंपमध्ये फेरी पाव वळणापेक्षा जास्त कमी पडली असती तर? मग बेस व्हॅल्यूच ८० टक्के धरतात, म्हणजे ९.२, त्याचे निम्मे ४.६, वजा १, उरले ३.६. आता तीच साधी ट्रिपल टो पुढे गेली. म्हणजे टीव्हीवर दोन्ही पडणं सारखंच दिसतं आणि कागदावर त्यांच्यात १.१५ चा फरक असतो, आणि एवढासा फरक म्हणजे काय चीज आहे ते सांगते. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकला एव्हन लायसाचेकला २५७.६७ आणि प्लुशेन्कोला २५६.३६, फरक १.३१. लायसाचेकने एकही क्वाड मारली नव्हती, प्लुशेन्कोने मारली होती, आणि त्यावरून जे रण माजलं ते अजून पूर्ण शमलेलं नाही. स्पर्धेत प्रत्येकाचे दोन प्रोग्रॅम असतात, आधी शॉर्ट, मग मोठा फ्री, आणि दोन्हींची बेरीज धरतात. २०१३ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला तर पॅट्रिक चॅन फ्री प्रोग्रॅममध्ये दोनदा पडला, त्या दिवशीचा फ्री प्रोग्रॅम डेनिस टेनने जिंकला, तरी एकूण बेरजेत चॅन १.३० ने पुढे राहिला कारण शॉर्ट प्रोग्रॅममध्ये त्याने एवढी आघाडी घेऊन ठेवली होती. ज्यांनी फक्त शेवटचा दिवस बघितला ते अजून चिडलेले असतात.

आता हे ठरवतं कोण. इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, सगळ्यांना वाटतं "जज". खरं तर दोन वेगळी टेबलं असतात. एका बाजूला जज, मोठ्या स्पर्धेत नऊ. दुसऱ्या बाजूला टेक्निकल पॅनल, म्हणजे टेक्निकल स्पेशालिस्ट, त्याचा असिस्टंट आणि वर टेक्निकल कंट्रोलर, शिवाय डेटा आणि रिप्ले सांभाळणारी माणसं. पॅनलचं काम "काय केलं" ते सांगणं, जजचं काम "कसं केलं" ते सांगणं. जंप लुट्झ होती की फ्लिप, फेऱ्या पूर्ण झाल्या का, स्पिनला अवघडपणाची लेव्हल कुठली, हे आमच्याकडे. उंची, वेग, जंप संगीतात कशी बसली, लँडिंग गुळगुळीत होतं का, हे त्यांच्याकडे. नऊ जजचे आकडे आले की प्रत्येक एलिमेंटसाठी (म्हणजे एकेक जंप, स्पिन किंवा स्टेप सिक्वेन्ससाठी) सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा उडवतात आणि बाकी सातांची सरासरी.

आमच्या टेबलावर काय चालतं ते सांगते. स्केटर बर्फावर असतो तेव्हा स्पेशालिस्ट मोठ्याने बोलत असतो, "ट्रिपल लुट्झ, ट्रिपल टो," आणि डेटावाला टाइप करत असतो. मध्येच कोणीतरी "रिव्ह्यू" म्हणतं, तो एलिमेंट बाजूला ठेवला जातो, कारण पुढचा पाच सेकंदांत येणार असतो. प्रोग्रॅम संपला, लोक उभं राहून टाळ्या वाजवताहेत, स्केटर कोचच्या गळ्यात पडलाय, त्याला त्या बाकावर बसवतात ज्याला सगळे किस अँड क्राय म्हणतात, आणि आम्ही तेवढ्यात स्क्रीनवर एका ब्लेडकडे बघत असतो. फक्त ब्लेड. पुढचे दात, म्हणजे टो पिक, बर्फाला टेकला त्या क्षणी ब्लेडचं तोंड कुठे होतं? पाव वळण बरोबर कमी असेल तर क्यू ही खूण लागते, बेस व्हॅल्यू पूर्ण मिळते पण जजना ग्रेड कमी करावा लागतो. पावापेक्षा जास्त पण अर्ध्यापेक्षा कमी, तर ८० टक्के. अर्धं वळण किंवा त्याहून जास्त कमी, तर ती जंप सरळ एक फेरी कमी धरायची, ट्रिपलची डबल. एकमत झालं नाही तर बहुमत. आणि खरंच कळत नसेल तर संशयाचा फायदा स्केटरला, हे नियमातच लिहिलंय. बाहेर लोक म्हणतात एवढा वेळ का लागतोय स्कोअर यायला, तर म्हणून.

एजचं प्रकरण याहून अवघड, आणि मला सगळ्यात आवडतं तेही हेच. स्केटिंगची ब्लेड सुरीसारखी एका धारेची नसते, तळाला बारीक खोबण असते त्यामुळे दोन कडा होतात, आतली एज आणि बाहेरची एज. स्पर्धेतल्या जंप सहा: टो लूप, साल्काउ, लूप, फ्लिप, लुट्झ, ॲक्सल. ॲक्सल ओळखायला सोपी, ती एकटीच पुढे तोंड करून मारतात आणि उतरायचं मात्र सगळ्यांसारखं मागे जात, म्हणून अर्धी फेरी जास्त, ट्रिपल ॲक्सल म्हणजे साडेतीन. फ्लिप आणि लुट्झमध्ये मात्र भलेभले फसतात. दोन्ही मागे जाता जाता, दोन्हीत उजव्या पायाचा टो पिक बर्फात रोवायचा (डावीकडे फिरणाऱ्यांचं सांगतेय), फरक एकच, शरीराचा अख्खा भार डाव्या पायाच्या कुठल्या एजवर आहे. आतली असेल तर फ्लिप, बाहेरची असेल तर लुट्झ. लुट्झमध्ये तुम्ही येता एका दिशेच्या वळणावरून आणि हवेत फिरायचं उलट दिशेला, शरीराला ते अजिबात मान्य नसतं, म्हणून पिक रोवायच्या ऐन आधी घोटा हळूच आत कलतो आणि बाहेरची एज आतली होते. झाली त्याची "फ्लट्झ". मोठमोठ्या चॅम्पियननी आयुष्यभर फ्लट्झ मारल्यात. आम्ही ते धरलं की चुकीच्या एजची ई ही खूण लागते, ५.९ ची ट्रिपल लुट्झ ४.७२ वर येते आणि वर ग्रेड पडतो तो वेगळा. लहानपणी लागलेली ही सवय मोठेपणी मोडणं म्हणजे हाताचं वळण बदलण्यासारखं आहे, मी दोन मुलांची मोडायचा प्रयत्न केला, एकाची जमली, त्यालाही दीड वर्ष गेलं आणि त्या दीड वर्षात त्याच्या बाकीच्या जंपही बिघडल्या होत्या.

स्पिन आणि स्टेप सिक्वेन्सला लेव्हल असते, बेसिक आणि मग १ ते ४. लेव्हल चारची स्टेप सिक्वेन्स ३.९, तीनची ३.३. आकडे छोटे वाटतात पण इथे पडण्याची भीती जवळजवळ नाही, म्हणून शहाणा कोच आधी इथले गुण खिशात घालतो.

हे झालं टेक्निकल. दुसरा भाग कॉम्पोनंट, म्हणजे एकेका एलिमेंटचे नाही तर अख्ख्या प्रोग्रॅमचे मार्क. २०२२ पासून तीनच ठेवलेत, कॉम्पोझिशन, प्रेझेंटेशन आणि स्केटिंग स्किल्स, आधी पाच होते. प्रत्येकाला १० पैकी पाव पाव गुणाच्या पायरीने मार्क आणि मग गुणक, पुरुषांच्या फ्रीमध्ये ३.३३, महिलांच्या २.६७, म्हणजे पुरुषांच्या फ्रीमध्ये कॉम्पोनंटचे जास्तीत जास्त साधारण १००. आता इथे माझी तक्रार आहे आणि ती बरीच जुनी आहे. हे मार्क जंपपासून स्वतंत्र असायला हवेत, पण ज्याच्या क्वाड बसल्या त्याचं स्केटिंग स्किल्सही त्या दिवशी अचानक सुधारतं, आणि जो पहिल्या ग्रुपमध्ये आला त्याला कितीही सुंदर केलं तरी जज हात राखून देतात, पुढे मोठी नावं यायचीत म्हणून. कोणी मुद्दाम करत नाही, पण होतं. तरी सगळंच निराशाजनक नाही. काओरी साकामोतोने २०२२, २०२३, २०२४ असे सलग तीन वर्ल्ड टायटल घेतले, ना क्वाड ना ट्रिपल ॲक्सल. तिची डबल ॲक्सल बघा कधी, ज्या वेगाने ती शिरते त्याच वेगाने बाहेर पडते, लँडिंगनंतर ब्लेडचा आवाज एक लांब सर्रर्र असा येतो, खरखर नाही. रिंकवर बसलं की हा आवाज ऐकूनच अर्धे मार्क कळतात, टीव्हीवर तो संगीताखाली दबतो.

ही पद्धत अशी किचकट का झाली? कारण आधीची सोपी होती आणि तिने घात केला. आधी ६.० हा जास्तीत जास्त मार्क असायचा, पण तो आकडा खरा नव्हता, त्यातून फक्त क्रमांक काढायचे. शॉर्टच्या क्रमांकाला ०.५ ने गुणायचं, फ्रीच्या क्रमांकाला १ ने, बेरीज सगळ्यात कमी तो जिंकला. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकला सेरा ह्यूज शॉर्टनंतर चौथी होती, फ्रीमध्ये पहिली आली, बेरीज ३. स्लुत्स्काया दोन्हीत दुसरी, तिचीही बेरीज ३, मग फ्रीमध्ये पुढे कोण तर ह्यूज, गोल्ड तिला. आणि मिशेल क्वान, शॉर्टमध्ये पहिली, फ्रीमध्ये तिसरी, बेरीज साडेतीन, ब्रॉन्झ. म्हणजे स्लुत्स्काया दुसरीऐवजी पहिली असती तर सगळंच उलटं झालं असतं, एकाच्या मार्कांवर दुसऱ्याचा नंबर हलायचा. त्याच ऑलिंपिकला पेअर्समध्ये बॉम्ब फुटला, रशियन जोडीला गोल्ड मिळालं, कॅनडाची जोडी सिल्व्हर, आणि मग फ्रेंच जजवर दबाव होता असं बाहेर आलं, शेवटी कॅनडाच्या साले आणि पेल्तिएला दुसरं गोल्ड दिलं गेलं. त्यानंतर दोन वर्षांत इंटरनॅशनल स्केटिंग युनियनने, म्हणजे आयएसयूने, ६.० गुंडाळलं आणि ही एकेक एलिमेंटची बेरीज आणली. गंमत म्हणजे सुधारणा म्हणून त्यांनी जजची नावंही लपवली, कुठला मार्क कोणाचा ते कळायचंच नाही. दबावापासून संरक्षण म्हणे! ते २०१६ ला काढलं, आता प्रत्येक आकड्यामागे नाव असतं आणि स्पर्धेनंतर मार्कांचा तक्ता जाहीर होतो, त्याला प्रोटोकॉल म्हणतात. कोणावर अन्याय झाला असं वाटलं ना, की आधी प्रोटोकॉल उघडा, दहातल्या आठ वेळा उत्तर तिथेच सापडतं, उरलेल्या दोन वेळा मीही तुमच्याबरोबर चिडते.

फिगर हे नावही जुन्या प्रकारावरून आहे. पूर्वी बर्फावर ब्लेडने ठरलेल्या आकृत्या कोरायच्या, आठाच्या आकाराच्या, आणि जज खाली वाकून त्या रेषा तपासायचे. त्यालाच सगळ्यात जास्त वजन होतं. १९७२ च्या ऑलिंपिकला बेआट्रिक्स शूबा फ्री स्केटिंगमध्ये सातवी आली तरी गोल्ड तिचं, आकृत्यांमध्ये एवढी पुढे होती ती. टीव्हीवर बघणाऱ्यांना काही कळेना, मग १९७३ पासून शॉर्ट प्रोग्रॅम आला, आकृत्यांचं वजन घटत गेलं आणि १९९० नंतर त्या बंदच झाल्या.

आता स्पर्धेचा सांगाडा. एकेरीत दोन प्रोग्रॅम. शॉर्ट २ मिनिटं ४० सेकंद, सात एलिमेंट, तीन जंपचे, तीन स्पिन, एक स्टेप सिक्वेन्स, इथे काही चुकवलं तर भरून काढायला जागा नाही. फ्री चार मिनिटं, दोन्हीला दहा सेकंद इकडे तिकडे चालतात. २०१८ ला पुरुषांच्या फ्रीमधल्या जंप आठवरून सात केल्या. शॉर्ट हा पदक गमवायचा दिवस, फ्री मिळवायचा, असं आमच्यात म्हणतात, पण त्याला झकास अपवाद आहेत. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकला नेथन चेन शॉर्टमध्ये पार १७ वा, मग फ्रीमध्ये सहा क्वाड ठोकून त्या दिवशीचा पहिला, एकूण पाचवा. २०२४ च्या वर्ल्डला ॲडम सियाओ हिम फा शॉर्टनंतर १९ वा होता, थेट ब्रॉन्झपर्यंत आला. आधीच्या क्रमांकांच्या हिशेबात हे जमलंच नसतं.

फ्रीमध्ये मात्र आवडेल ती जंप आवडेल तितक्या वेळा मारता येत नाही. १९८२ ला इलेन झायाक वर्ल्ड जिंकली, सहा ट्रिपल मारल्या आणि त्यातल्या चार टो लूप, म्हणजे तीच ती. लगेच नियम आला, अजून त्याला झायाक रूल म्हणतात. आज ट्रिपल आणि क्वाड धरून दोनच प्रकार परत मारता येतात आणि त्यातली क्वाड एकच. डबलही कुठलीही दोनदाच. कॉम्बिनेशन, म्हणजे एका जंपला लागून लगेच दुसरी, तीनच. शिवाय शेवटच्या तीन जंप उत्तरार्धात आल्या तर १० टक्के बोनस, कारण तोवर पाय दगडाचे झालेले असतात. आधी उत्तरार्धातल्या सगळ्याच जंपना बोनस होता, मग प्योंगचांगला झागितोवाने सातच्या सात उत्तरार्धात टाकल्या आणि गोल्ड घेतलं, त्यानंतर तीनची मर्यादा आली. नियम कसे घडतात बघा, कोणीतरी हुशारी करतं आणि पुढच्या वर्षी ती पळवाट बुजवतात.

या नियमांनी माझाही एकदा चांगला कान पिळलाय, अजून आठवलं की चुटपुट लागते. माझी एक ज्युनिअर मुलगी होती, फ्रीमध्ये तिच्या दोन कॉम्बिनेशनच्या शेपटीला मी डबल टो लूप लावली होती, कारण तिची तीच सगळ्यात पक्की, आणि सातवी जंप सुटी ट्रिपल टो. प्रोग्रॅम मस्त चाललेला, सहा जंप झाल्या, शेवटच्या ट्रिपल टोला ती दमलेली, हवेत लवकर उघडली, दोन फेऱ्यांतच उतरली. सुंदर उतरली हो! हसली, हात वर केले, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण ती तिसरी डबल टो होती. म्हणजे किंमत शून्य, प्रोटोकॉलवर नुसता एक स्टार. एका कॉम्बिनेशनमध्ये मी डबल लूप ठेवली असती तर ही डबल टो धरली गेली असती, १.३ आणि बोनस मिळून १.४३. ती ०.६२ ने चौथी आली. तिला गाडीत सांगितलं की चूक तुझी नाही, कागद मी लिहिला होता, ती म्हणाली ते मला माहितीये मॅडम. त्यानंतर मी प्रत्येक प्रोग्रॅमचा "बिघडलं तर" असा दुसरा कागद करून मुलांकडून पाठ करून घ्यायला लागले, ट्रिपल डबल झाली तर पुढे काय बदलायचं, पहिलं कॉम्बिनेशन हुकलं तर ते कुठे जोडायचं, आणि हे सगळं चालत्या संगीतात दोन सेकंदांत ठरवायचं असतं. वर बसलेल्यांना वाटतं मूल नाचतंय, ते आत गणित करत असतं.

बाकीचे प्रकार थोडक्यात. पेअर्समध्ये, म्हणजे जोडीच्या स्केटिंगमध्ये, जोडीदाराला उचलणं, फेकणं, बर्फालगत फिरवणं (लिफ्ट, थ्रो जंप, ट्विस्ट, डेथ स्पायरल), धोका सगळ्यात जास्त इथेच. आइस डान्सला लोक "जंप नसलेले पेअर्स" म्हणतात ते चूक आहे, तिथे सगळा कस एज आणि जवळीक यांचा, लिफ्टमध्ये उचलणाऱ्याचा हात त्याच्या डोक्यावर जाता कामा नये, आणि पायांची अदलाबदल एवढ्या जवळून की एक जण बोटभर चुकला तर दोघं खाली. त्यांचे प्रोग्रॅम रिदम डान्स आणि फ्री डान्स. सिंक्रोनाइज्डमध्ये सोळा जणांची टीम असते, ते अजून ऑलिंपिकला नाही. टीम इव्हेंट, म्हणजे देशांची सांघिक स्पर्धा, मात्र २०१४ च्या सोची ऑलिंपिकपासून आहे.

सीझन १ जुलैला सुरू होतो, पण खरी धामधूम ऑक्टोबरपासून, ग्रां प्री मालिका, सहा देशांत सहा स्पर्धा, एकाला जास्तीत जास्त दोन मिळतात, पहिल्याला १५ पॉइंट, दुसऱ्याला १३, असे उतरते, आणि प्रत्येक प्रकारातले पहिले सहा डिसेंबरच्या फायनलला. मग प्रत्येक देशाच्या राष्ट्रीय स्पर्धा, जानेवारीच्या आसपास युरोपियन चॅम्पियनशिप, युरोपबाहेरच्यांसाठी १९९९ पासून फोर कॉन्टिनेंट्स, आणि मार्चमध्ये वर्ल्ड. वर्ल्डला एका देशाचे एका प्रकारात जास्तीत जास्त तीन, तेही आदल्या वर्षी कमवावे लागतात. दोन जण गेले असतील तर त्यांच्या क्रमांकांची बेरीज १३ च्या आत हवी, तर पुढच्या वर्षी तीन जागा. एकटाच गेला तर पहिल्या दोनात यायला हवं. म्हणून कधीकधी नववा आलेला स्केटर वेड्यासारखा नाचताना दिसतो ना, त्याने देशाला तिसरी जागा मिळवून दिलेली असते. शॉर्टनंतर एकेरीत २४ जण फ्रीला जातात, क्रम उलटा, मागचे आधी, सगळ्यात पुढचे सहा शेवटच्या ग्रुपमध्ये. प्रत्येक ग्रुपला सहा मिनिटांचा वॉर्मअप, सहा जण एकाच बर्फावर, सगळे मागे बघत उलटे सुसाट, एकमेकांना धडकत नाहीत हेच आश्चर्य, कधी धडकतातही.

किमान वय किती लागतं, हेही विचारलं होतं. बेजिंग २०२२ ऑलिंपिकला रशियाची कमिला वालिएवा पंधरा वर्षांची होती, डोपिंगचं प्रकरण झालं, त्याच वर्षी आयएसयूने सीनिअरसाठी किमान वय पंधरावरून टप्प्याटप्प्याने १७ करायचं ठरवलं आणि २०२४-२५ च्या सीझनपासून ते पूर्ण लागू झालं. तिचा निकाल लागायला २०२४ चा जानेवारी उजाडला, मग पहिल्या आलेल्या रशियाऐवजी टीम इव्हेंटचं गोल्ड अमेरिकेला आणि सिल्व्हर जपानला गेलं, आणि ती पदकं त्यांच्या गळ्यात पडली ती ऑगस्टमध्ये पॅरिसला, उन्हाळी ऑलिंपिक चालू असताना. वय वाढवलं ते माझ्या मते फार आधी करायला हवं होतं. लहान शरीराला फेऱ्या सोप्या जातात, मग कमर आणि घोटे त्याचं व्याज फेडतात.

आणि हो, बॅकफ्लिप, म्हणजे हवेत मागे मारलेली कोलांटी. १९७६ ला टेरी कुबिकाने ऑलिंपिकमध्ये मारली आणि त्यानंतर बंदी आली, १९९८ च्या नागानो ऑलिंपिकला सुरया बोनालीने बंदी असूनही मारली आणि एका पायावर उतरली, सियाओ हिम फाने २०२४ ची युरोपियन चॅम्पियनशिप दोन गुण कापून घेऊनही जिंकली, आणि त्याच वर्षी बंदी उठली. पण तिला जंप म्हणून किंमत नाही, त्यामुळे ती मारून गुणांचा डोंगर उभा राहतो असं समजू नका.

पुढच्या वेळी बघाल तेव्हा स्क्रीनच्या कोपऱ्यात टेक्निकल स्कोअरचा आकडा आणि एकेका एलिमेंटचे छोटे चौकोन येतात तिकडे लक्ष ठेवा. हिरवा म्हणजे झालं, लाल म्हणजे ग्रेड उणे. पिवळा राहिला तर समजायचं की पॅनलवर कोणीतरी "रिव्ह्यू" म्हटलंय, आणि समालोचक विक्रम विक्रम ओरडत असले तरी तो आकडा अजून पक्का नाही.